एकच पाहुणा, दोन घरे

चिकुनगुनियाचा ताप डासामुळे येतो, हे आता शाळेतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण ज्या डासाच्या अंगात तो विषाणू भरलेला असतो, त्या डासाचे सांधे का धरत नाहीत, असे एखाद्या चौकस मुलाने वर्गात विचारले, तर गुरुजींची थोडी पंचाईतच होईल. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो खरा; पण तो तसा नाही. डासाची मादी रोग्याचे रक्त पिते, विषाणू तिच्या पोटात वाढतो, तेथून लाळेच्या ग्रंथींत जातो आणि ती जगेल तोपर्यंत तेथेच मुक्काम करतो. मादी उडते, चावते, अंडी घालते. तिचे फारसे काही बिघडत नाही. तोच विषाणू माणसाच्या अंगात शिरला की आठवड्याच्या आत धडधाकट गडी काठी टेकत चालू लागतो. घर बदलले की पाहुण्याची वागणूक इतकी बदलावी, हे कसे? ह्या प्रश्नाचा शोध घेण्याच्या कामी आपल्या पुण्याचा वाटा मोठा आहे. ती हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज ती सांगण्याचे योजिले आहे.

ह्या हकीकतीत १९५२ हे साल फार महत्त्वाचे. त्या एका वर्षात, एकमेकांची वार्ताही नसलेल्या चार ठिकाणी चार गोष्टी घडल्या. पूर्व आफ्रिकेत, तेव्हाच्या टांगानिकात म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे पठारावर एका विचित्र तापाची साथ आली. माणसे सांधेदुखीने अशी वाकली की लोकांनी आपल्या बोलीत तिला 'वाकवून टाकणारी' अशा अर्थाचे नाव दिले. तेच हे चिकुनगुनिया. पुष्कळ लोकांना वाटते की ह्या नावाचा कोंबडीशी, म्हणजे इंग्रजी 'चिकन'शी, काही संबंध असावा. तो मुळीच नाही. दुसरे ठिकाण मिसर देश. तेथे कैरोजवळच्या सिंदबिस नावाच्या खेड्यात डास पकडले गेले आणि त्यांत एक नवा विषाणू सापडला. हा चिकुनगुनियाचा चुलतभाऊ. माणसाला तो त्या मानाने कमी त्रास देतो, म्हणून प्रयोगशाळेत पाळायला सोयीचा. तिसरे ठिकाण अमेरिकेतील कॅलिफोर्निया. तेथे रेनातो डुलबेको नावाच्या शास्त्रज्ञाने विषाणू मोजण्याची एक युक्ती काढली. आणि चौथे ठिकाण पुणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्या दोघांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उघडले. १९७८ पासून त्याच संस्थेचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे आहे. करोनाच्या साथीत ज्या पुण्याच्या प्रयोगशाळेचे नाव आपण रोज बातम्यांत ऐकत होतो, तीच ही.

डुलबेकोची युक्ती आधी समजून घेऊ, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. अंगणात ज्वारी वाळत घालताना आपण दाण्यांचा एकेरी थर पसरतो, दाणा दाण्याला लागून. तशा त्याने कोंबडीच्या अंड्यातील पिलाच्या जिवंत पेशी काचेच्या बशीत एकेरी थरात पसरल्या. मग त्यांवर घोड्यांना मेंदूज्वर आणणाऱ्या एका विषाणूचे अगदी पातळ केलेले पाणी सोडले. हा विषाणूही चिकुनगुनियाच्याच कुळातला, बरं का. एक विषाणू एका पेशीत शिरला, तेथे त्याची प्रजा वाढली, पेशी मेली. प्रजा शेजारच्या पेशींत गेली, त्याही मेल्या. दोनतीन दिवसांत त्या थरात मेलेल्या पेशींचे गोल ठिपके डोळ्यांना दिसू लागले. जितके ठिपके तितके मूळचे विषाणू. जी वस्तू साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही, ती अशी बोटांवर मोजता आली.

युक्ती इतकी नामी ठरली की जगभर तिचा प्रसार झाला. तिच्या तीन वर्षे आधी, १९४९ साली, एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स ह्या तिघांनी पोलिओचा विषाणू नळीतल्या पेशींत वाढवून दाखवला होता. तेथेही विषाणू वाढल्याची खूण म्हणजे पेशींचा नाशच. त्या तिघांना १९५४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पण ह्या यशाबरोबर एक समजूतही हळूच घट्ट झाली. पेशी मेली म्हणजे विषाणू आहे. पेशी मेली नाही म्हणजे विषाणू नाही, किंवा असून नसल्यासारखा. मरण ही जणू विषाणूची सही. मापाची खूण आणि वस्तूचा स्वभाव ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे विद्वानांच्याही लक्षात यायला कधी कधी वेळ लागतो.

आता पुण्याकडे वळू. केंद्राचे मुख्य काम कीटकांमार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध घेण्याचे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि जंगलात जाणारी माणसे तापाने फणफणू लागली. त्या रोगाचा विषाणू ह्याच केंद्राच्या माणसांनी ओळखला. तो गोचिडीतून पसरतो हेही दाखवले. पण अशा कामाला तेव्हा साधन काय, तर उंदरांची नुकती जन्मलेली पिले. रोग्याचे रक्त किंवा वाटलेले डास ह्यांचा अर्क त्या पिलांच्या मेंदूत टोचायचा आणि ती आजारी पडतात का, मरतात का, याची वाट पाहायची. हजारो पिले पाळायची, त्यांच्या मातांना खाऊ घालायचे, पिंजरे धुवायचे. इतके करूनही विषाणू डासाच्या अंगात काय करतो हे कळायचे नाही, कारण उंदीर म्हणजे काही डास नव्हे.

मग डासाच्याच पेशी बाटलीत वाढवल्या तर? कल्पना सोपी, पण काम जिकिरीचे. कोंबडीच्या किंवा माकडाच्या पेशींना काय खायला घालावे हे ठाऊक होते. कीटकांच्या पेशींना काय रुचते याचा पत्ता नव्हता. १९६२ साली ऑस्ट्रेलियात टॉमस ग्रेस यांनी एका पतंगाच्या पेशी प्रथमच अखंड वाढत ठेवल्या. १९६४ साली मित्सुहाशी आणि मारामोरोश यांनी पिकांवरील तुडतुड्यांच्या पेशींसाठी एक पोषक द्रव तयार केला. ग्रेस यांनी पुढे डासाच्या पेशीही वाढवल्याचे जाहीर केले होते. पण काही वर्षांनी बारकाईने तपासले तेव्हा त्या पेशी डासाच्या नसून त्यांच्याच जुन्या पतंगाच्या निघाल्या! एका बाटलीतला एखादा थेंब चुकून दुसरीत जावा आणि साऱ्या जगाने वर्षानुवर्षे पतंगाला डास समजावे, असा हा प्रकार. ग्रेस यांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही; त्यांनीच वाट पाडली. काम किती नाजूक होते एवढेच ध्यानात यावे.

पुण्यात के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली हे काम तडीस नेले. त्यांनी मोठे डास घेतले नाहीत. अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्या घेतल्या. पाण्याच्या रांजणात वळवळताना दिसतात ना, त्याच. मात्र अगदी पहिल्या अवस्थेतल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या. त्या जंतुरहित करून, बारीक तुकडे करून, मित्सुहाशी-मारामोरोश यांच्या द्रवात ठेवल्या. त्या द्रवात गाईच्या गर्भाच्या रक्ताचा निवळ भाग मिसळलेला होता. डास दोन जातींचे घेतले होते: एक एडिस इजिप्ती, दुसरा एडिस अल्बोपिक्टस. पायांवर पांढरे पट्टे असलेले, दिवसा चावणारे हेच ते दोघे. पेशी रुजल्या, वाढल्या, एका बाटलीतून दुसरीत नेल्या तरी वाढतच राहिल्या. बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' ह्या नियतकालिकात त्याच वर्षी दोनतीन पानांची एक टिपणी प्रसिद्ध झाली. आज कीटक-विषाणूंवर काम करणाऱ्या जगातल्या कोणत्याही माणसाला 'सिंग यांच्या पेशी' म्हटले की कळते. आपल्या जिल्ह्याच्या गावी मात्र हे नाव कोणी ऐकले असेल तर नवल.

पेशी हाती आल्यावर त्यांत विषाणू सोडून पाहणे हे ओघानेच आले. १९६८ साली सिंग आणि एस. डी. पॉल यांनी दाखवून दिले की कीटकांतून पसरणारे कितीतरी विषाणू ह्या पेशींत छान वाढतात. चिकुनगुनियाचा विषाणूही वाढला. पुढच्या वर्षी पॉल, सिंग आणि भट यांनी पेशींचे काय होते यावरच लक्ष ठेवले. डेंग्यूच्या विषाणूने अल्बोपिक्टसच्या पेशींत उत्पात केला. शेजारशेजारच्या पेशी एकमेकींत विरघळून त्यांचे मोठे गोळे बनले. चिकुनगुनियाचा विषाणू मात्र वाढूनही पेशींचे नुकसान दिसेना. बाटलीतल्या पाण्यात विषाणू आहे, आणि तरी थर जसाच्या तसा! १९६९ सालीच इस्रायलमध्ये पेलेग यांनीही डासाच्या पेशींत विषाणूचा असा मुकाट मुक्काम नोंदवला. ह्याच कुळातले विषाणू माकडाच्या किंवा हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींत सोडले, तर दोन दिवसांत बशी साफ होते.

ह्याचा अर्थ काय? विषाणूला वाढायला पेशी हवी. ती मारलीच पाहिजे असे नाही. मरण ही त्याची सही नव्हे. मरण कोठे होते आणि कोठे होत नाही, हे पाहुण्यावर जितके अवलंबून असते, तितकेच यजमानावरही असते. डेंग्यूचे उदाहरण मुद्दाम सांगितले, कारण 'डासाची पेशी मरत नाही, प्राण्याची मरते' असा सोपा नियम करून टाकण्याचा मोह होतो. निसर्ग इतका सोपा नाही. पण चिकुनगुनियाच्या कुळाबाबत फरक लख्ख होता, आणि तो पुण्याच्या बाटलीत डोळ्यांनी दिसत होता. का? ह्याचे उत्तर यायला मात्र पुढची चाळीसेक वर्षे गेली.

पेशी म्हणजे एक लहानसे गाव समजा. गावाच्या चावडीत दप्तर असते. सगळ्या जमिनींची, हक्कांची मूळ नोंद तेथे. मूळ कागद चावडीबाहेर जात नाही. कारकून त्याचा उतारा लिहून देतो आणि तो घेऊन लोक आपापली कामे करतात. पेशीच्या मध्यभागी जे केंद्रक असते ती ही चावडी. आनुवंशिकतेची मूळ नोंद तेथे, आणि तिचे उतारे काढणारे एक मोठे प्रथिन तेथे कारकुनासारखे अहोरात्र बसलेले. उतारे बाहेर जातात, त्यांवरून पेशीची इतर प्रथिने बनतात. चोर शिरला तर हाकाटी करायची, शेजारच्या पेशींना सावध करायचे, तेही ह्या उताऱ्यांवरूनच. १९५७ साली आयझॅक्स आणि लिंडेनमन यांनी जो 'इंटरफेरॉन' नावाचा पदार्थ शोधला, तो म्हणजे पेशीने शेजाऱ्यांसाठी पिटलेली दवंडी.

चिकुनगुनियाच्या विषाणूजवळ सामान अगदी थोडे. आपल्या नोंदी तो आरएनए नावाच्या एका धाग्यावर आणतो आणि त्यावरून जेमतेम नऊ-दहा प्रथिने बनतात. त्यांतल्या एकाला शास्त्रज्ञ 'एनएसपी-२' म्हणतात. ह्याचे घरचे काम म्हणजे विषाणूची एकत्र बनलेली लांबलचक प्रथिने योग्य ठिकाणी कापून सुटी करणे. विळ्याचे काम म्हणा. पण प्राण्याच्या पेशीत हा विळा आपले काम सोडून चावडीतही जातो. २०१२ साली अमेरिकेतील संशोधकांनी तो तेथे काय करतो हे उघड केले. उतारे काढणाऱ्या त्या कारकुनाचा जो मुख्य भाग, त्यालाच तो बाद ठरवतो. मग पेशीची स्वतःची मोडतोड-व्यवस्था त्या भागाचा चुराडा करून टाकते. काही तासांत उतारे थांबतात. दवंडी नाही, राखणदार नाहीत, रोजची डागडुजी नाही. विषाणूला मात्र ह्या चावडीची गरजच नाही. त्याची नोंद आणि त्याचा कारकून तो आपल्याबरोबर घेऊन आलेला असतो आणि चावडीबाहेरच पथारी टाकून काम करतो. गाव ठप्प, पाहुण्याचा कारखाना सुरू. अशी पेशी फार काळ जगत नाही. डासाच्या पेशीत मात्र चावडीचे काम असे बंद पडत नाही.

सिंदबिस विषाणूवर ह्यापूर्वीच एक विलक्षण गोष्ट दिसून आली होती. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. एनएसपी-२ ची माळ आठशेच्या आसपास मण्यांची. तिच्यातला सातशे सव्विसावा मणी बदललेले विषाणू संशोधकांना मिळाले. हे विषाणू प्राण्याच्या पेशींत शिरले, वाढले, पण पेशी जगल्या. एक मणी बदलला आणि मारेकऱ्याचा भाडेकरू झाला.

इथपर्यंत ऐकून आपण म्हणाल, की ठरले तर मग: विषाणूचे प्रथिन हाच खुनी. पण खटल्यात दुसरा आरोपीही आहे, आणि तो घरातलाच आहे. स्वतः पेशी.

ज्वारीच्या शेतात एखाद्या कणसावर काणी दिसली तर शहाणा शेतकरी ते कणीस फुटण्याआधीच पिशवी घालून हळूच काढतो आणि जाळतो. एक कणीस जाते, शेत वाचते. शरीरातल्या पेशींतही अशी सोय आहे. आपल्यात काही बिघडले आहे हे पेशीला कळले की ती आपणच आपले आवरते: केंद्रकातील नोंदींचे तुकडे करते, अंग आक्रसून घेते, गाठोडी बांधते, आणि आजूबाजूच्या सफाईच्या पेशी ती गाठोडी गिळून टाकतात. १९७२ साली केर, वायली आणि करी यांनी ह्या मरणाला झाडाच्या पानगळीवरून ग्रीक नाव दिले: अपोप्टोसिस. नाव मोठे समर्पक आहे. पान वाऱ्याने तुटत नाही. झाडच त्याचा देठ सैल करते.

विषाणूने भरलेली पेशी मरते ती कुऱ्हाडीने की पानगळीने? १९९३ साली अमेरिकेत बेथ लेव्हिन, डायेन ग्रिफिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याचा निकाल लावणारा प्रयोग केला. पानगळ रोखून धरणारे एक प्रथिन आपल्या पेशींत असते, त्याचे नाव बीसीएल-२. उंदीरकुळातल्या पेशींत त्यांनी हे प्रथिन भरपूर बनेल अशी तजवीज केली आणि सिंदबिस विषाणू सोडला. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ असलेल्या जगल्या, आणि विषाणू त्यांत मुकाट राहू लागला. पुण्यात डासाच्या पेशींत जे दिसले होते, ते पंचविसेक वर्षांनी प्राण्याच्या पेशीत घडवून आणता आले.

तेव्हा माझ्या मते 'विषाणू मारतो' आणि 'पेशी आत्महत्या करते' ही दोन्ही वाक्ये एकाच घटनेचे दोन उतारे आहेत. विषाणूची प्रथिने पेशीचा कारभार बंद पाडतात. कारभार बंद पडल्याचे ओळखून पेशी देठ सैल करते. यात कधी पेशीची सरशी होते, कारण कारखाना पुरता चालण्याआधीच ती मरते. कधी विषाणूची होते. रियुनियन बेटावर २००५-०६ साली चिकुनगुनियाची प्रचंड साथ आली, बेटावरील सुमारे एकतृतीयांश माणसांना लागण झाली. त्यानंतर २०११ साली तेथील संशोधकांनी दाखवले की मरणाऱ्या पेशींच्या गाठोड्यांत विषाणू लपून बसतो आणि ती गाठोडी गिळणाऱ्या सफाईच्या पेशींत आयताच जाऊन पोहोचतो. काणीचे कणीस जाळायला न्यावे आणि वाटेतच पिशवी फाटावी, तसे.

हा विषाणू आपल्या सांध्यांच्या आवरणातील आणि स्नायूंतील जोडपेशींत मुख्यतः शिरतो. तेथे पेशी मरतात, सफाईच्या पेशी धावून येतात, सूज चढते. तापाचा भर चारआठ दिवसांत ओसरतो, पण सांधे महिनोन्‌महिने, काहींचे वर्षभरही, ठणकत राहतात. ज्याचे पोट खुरप्यावर आणि विळ्यावर आहे त्याची मूठच वळत नसेल, तर 'हा रोग जिवावर बेतत नाही' असे सांगून त्याचे समाधान कसे होणार? हातावर पोट असलेल्याचा हंगाम जातो, ह्याची नोंद मृत्यूच्या रकान्यात होत नाही एवढेच.

आपल्या देशात ह्या रोगाची साथ प्रथम १९६३ साली कलकत्त्यास ओळखली गेली. १९६५ साली तो नागपुरास आला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शीस आला, आणि पुण्याच्या केंद्राची माणसे तेथे जाऊन तपासणी करून आली. त्यानंतर तीसेक वर्षे तो जणू गडप झाला. डॉक्टरांची एक पिढी त्याला न पाहताच तयार झाली. मग २००५ च्या अखेरीस तो दक्षिणेत उसळला आणि २००६ साली देशभर तेरा लाखांहून अधिक संशयित रोग्यांची नोंद झाली. मराठवाडा, सोलापूर, मालेगाव, सगळीकडे घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. पुण्याच्या संस्थेने विषाणू तपासला तेव्हा दिसले की हा बार्शीचा जुना पाहुणा नव्हे. जुना आशियाई घराण्यातला होता. हा आफ्रिकेतल्या घराण्यातला. आणि आणखी एक गोष्ट बाहेर आली: ह्या नव्या घराण्याचा विषाणू २००० सालीच पुणे जिल्ह्यातील यवत येथे पकडलेल्या डासांत सापडलेला होता! म्हणजे साथीच्या पाच वर्षे आधी पाहुणा सोलापूर रस्त्यावर येऊन थांबला होता. डासाला काही होत नाही, म्हणूनच तो असा गुपचूप थांबू शकतो. मला ह्या साऱ्या हकीकतीतली सर्वांत बोलकी नोंद हीच वाटते.

डास मग त्याला सहन तरी कसा करतो? तो अगदीच हात बांधून बसलेला नसतो. विषाणूच्या आरएनए धाग्याची दुपदरी रूपे पेशीत दिसू लागली की डासाची पेशी ती बारीक बारीक कापते आणि त्या तुकड्यांच्या आधारे आणखी धागे हुडकून कापत राहते. घर पेटवून द्यायचे नाही. पाहुण्याचे ताट मात्र अर्धे ठेवायचे. विषाणू संपत नाही, माजतही नाही. १९७८ साली जपानमध्ये अकिरा इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून एकच पेशी वेचून तिचा वंश वाढवला. त्याचे नाव सी६/३६. त्यांच्या निबंधाच्या मथळ्यातच सिंग यांचे नाव आहे. ह्या वंशात डेंग्यू आणि चिकुनगुनिया अतिशय जोमाने वाढत. ते का, हे २०१० साली कळले. त्या वंशातील पेशींची ही कापणारी सुरीच बोथट आहे. गंमत अशी, की काही प्रयोगशाळांत ह्याच पेशींत भलतेच विषाणू फार दिवस मुकाट राहत असल्याचेही आढळले. पेशी टवटवीत, म्हणून कोणाला संशयच आला नाही.

मी ठाण्यास नौपाड्यात राहतो. पावसाळ्यात धूर सोडणारी गाडी गल्लीतून गेली की लोक खिडक्या लावून घेतात आणि गाडी गेल्यावर निर्धास्त होतात. पण एडिस डास गटारातला नव्हे. तो स्वच्छ साठलेल्या पाण्यातला. कुंडीखालची बशी, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, हे त्याचे घर. खेड्यात रांजण, गुरांची दोण, टाकलेले टायर, नारळाच्या करवंट्या. ज्या गावी नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येते, त्या गावी लोक पाणी साठवणारच. त्यांना दोष देता येत नाही. पण अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवली, तर ती साखळी तुटते. घासणे महत्त्वाचे, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. शिक्षकांना वर्गात दाखवायचे असेल तर काचेच्या बरणीत अळ्या घेऊन तोंडाला घट्ट फडके बांधावे. मुले चार दिवसांत सारे स्वतःच पाहतील. फडके सोडण्याआधी बरणी उन्हात कोरड्या मातीवर ओतावी, एवढी खबरदारी घ्यावी.

चिकुनगुनियाचा विषाणूच मारील असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. ताप आणि दुखणे उतरवणे एवढाच उपचार. औषध शोधणाऱ्यांची नजर आता त्या एनएसपी-२ नावाच्या विळ्यावर आहे. त्याची धार बोथट झाली तर विषाणूची प्रथिने सुटी होणार नाहीत. असे संभाव्य औषध कोणी सुचवले की ते पेशींवर पाहिले जाते. एका बशीत प्राण्याच्या पेशी, सदतीस अंशांच्या उबेत. आणि तपासायला लागणारा विषाणू पुष्कळदा वाढवलेला असतो तो शेजारच्या कपाटात, अठ्ठावीस अंशांवर, पुण्यात १९६७ साली कापलेल्या त्या अळ्यांच्या वंशजांत.